बासोथो, बागांडा, आमाझुलू: बहुवचन शब्दाच्या सुरुवातीला असतं तेव्हा

लेसोथो हा चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला छोटा डोंगराळ देश. तिथल्या एखाद्या बाईबद्दल मराठीत लिहायचं झालं, की बहुतेक वेळा 'एका बासोथो महिलेने' असं लिहिलं जातं. इंग्रजी मजकुरात 'बासोथो' दिसतं आणि ते जसंच्या तसं उचललं जातं. मराठी वाचकाला त्यात काही खटकत नाही. पण तिथली भाषा येणाऱ्या माणसाच्या कानाला ते 'एक मुली शाळेत गेली' इतकं विचित्र लागेल, कारण 'बासोथो' म्हणजे अनेक जण. एकच व्यक्ती असेल तर ती 'मोसोथो'. त्यांची भाषा 'सेसोथो' आणि देश 'लेसोथो'. चारही शब्दांचा गाभा 'सोथो' हाच आहे, बदलतो तो सुरुवातीचा तुकडा.

ही पद्धत एकट्या लेसोथोची नाही. पश्चिमेला कॅमेरूनपासून पूर्वेला केनियाच्या किनाऱ्यापर्यंत आणि खाली थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंत ज्या भाषा बोलल्या जातात, त्यांतल्या बहुसंख्य एकाच कुळातल्या आहेत. या कुळाला बांटू म्हणतात. कुठल्या बोलीला स्वतंत्र भाषा मानायचं यावर आकडा कमीजास्त होतो, पण साधारण ५०० भाषा आणि ३० कोटींहून जास्त बोलणारे, असा हा पसारा आहे. स्वाहिली, झुलू, खोसा, शोना, लुगांडा, किन्यारवांडा, लिंगाला या सगळ्या त्यातल्याच. या समाजांची नावं वाक्यात कशी वापरायची, एकवचन कुठलं, बहुवचन कुठलं, मराठी प्रत्यय कुठे लावायचे, हे एकदा नीट समजून घेतलं तर आफ्रिकेबद्दलच्या मराठी लिखाणातला बराच गोंधळ कमी होईल. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण माणसांबद्दल लिहिताना पहिली गोष्ट जी चुकू नये ती त्यांचं नाव.

आधी यंत्रणा कशी चालते ते बघू. मराठीत 'दगड' हा शब्द एका दगडालाही तोच आणि दहा दगडांनाही तोच. तरी 'मोठा दगड पडला' आणि 'मोठे दगड पडले' यांत आपली गफलत होत नाही, कारण 'मोठा' आणि 'पडला' यांचे शेवट बदलतात. संख्या आणि लिंग यांची खूण आपण शब्दांच्या शेवटी ठेवतो आणि वाक्यातले शब्द एकमेकांशी जुळवून घेतात. बांटू भाषांमध्येही असंच जुळवून घेतलं जातं, फक्त खूण सुरुवातीला असते. स्वाहिलीत 'लहान मूल आलं आहे' हे वाक्य 'म्तोतो म्दोगो आमेफिका' असं होतं. मुलं अनेक असली की 'वातोतो वादोगो वामेफिका'. नामाला 'वा', विशेषणाला 'वा', क्रियापदालाही 'वा'. एका 'वा'ने सगळं वाक्य बांधलेलं असतं.

आणि 'वा' ही खूण माणसांची. वस्तूंच्या खुणा वेगळ्या. 'छोटं पुस्तक पडलं आहे' हे 'किताबू किदोगो किमेआंगुका', आणि पुस्तकं अनेक असतील तर 'विताबू विदोगो विमेआंगुका'. 'किताबू' हा आपल्या ओळखीचाच अरबी 'किताब'. अरबीत त्यातला 'कि' हा मूळ शब्दाचाच भाग आहे. पण स्वाहिली बोलणाऱ्यांच्या कानाला तो आपल्याकडच्या वस्तूंच्या 'कि'सारखा लागला, म्हणून त्यांनी 'कि' काढून 'वि' लावला आणि बहुवचन केलं. टांझानियात रस्त्यावरच्या गोल चौकाला 'किपिलेफ्टी' म्हणतात. 'डावीकडून चला' अशा अर्थाच्या इंग्रजी पाटीवरचा 'कीप लेफ्ट'. असे चौक अनेक असले की 'विपिलेफ्टी'. परका शब्द आला तरी नियम इतक्या सहज लागू होतो, यावरून तो बोलणाऱ्यांच्या डोक्यात किती पक्का बसलेला आहे ते कळतं.

मराठीत नामांची तीन लिंगं आहेत. बांटू भाषांमध्ये त्याऐवजी 'वर्ग' असतात आणि बऱ्याच भाषांत ते पंधराच्या आसपास भरतात. भाषाशास्त्रज्ञांनी त्यांना क्रमांक दिले आहेत. पहिला वर्ग एका माणसाचा, दुसरा अनेक माणसांचा, सातवा आणि आठवा बहुतांशी वस्तूंचा, चौदावा भाववाचक नामांचा, आणखीही आहेत. समाजांची नावं याच वर्गांतून फिरतात, आणि गोंधळ होतो तो इथेच.

'बांटू' हा शब्द स्वतः या नियमाचा नमुना आहे. 'न्तू' हा 'माणूस' या अर्थाचा गाभा, आणि 'बा' म्हणजे दुसरा वर्ग, अनेक माणसं. म्हणजे बांटू या शब्दाचा अर्थच 'माणसं'. झुलूत एक माणूस 'उमुंतू' आणि माणसं 'अबांतू'. लुगांडात 'ओमुंतू' आणि 'अबांतू'. शोनात 'मुन्हू', 'वान्हू'. सेसोथोत 'मोथो', 'बाथो'. लिंगालात 'मोतो', 'बातो'. नामिबियातल्या हेरेरो भाषेत 'ओमुंदू', 'ओवांदू'. स्वाहिलीत हे झिजून 'म्तू' आणि 'वातू' एवढंच उरलं. हजारो किलोमीटर दूर असलेल्या भाषांमध्ये हे साम्य पाहून एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांच्या लक्षात आलं की या सगळ्या एका मुळातून आल्या असाव्यात. केप टाउनमध्ये काम करणारा जर्मन भाषाशास्त्रज्ञ विल्हेल्म ब्लीक याने १८६२ साली प्रसिद्ध केलेल्या तौलनिक व्याकरणाने या कुळाचं बांटू हे नाव रूढ केलं. त्याआधी हे शेकडो समाज मिळून स्वतःला कुठलंही एक नाव देत नव्हते. आजही गावातला माणूस 'मी बांटू' अशी ओळख सहसा सांगत नाही. तो मुगांडा असतो, मोसोथो असतो, झुलू असतो.

या भाषा एवढ्या पसरल्या कशा, याचं उत्तर थोडक्यात असं: आजच्या नायजेरिया आणि कॅमेरूनच्या सीमेजवळच्या भागातून चार-पाच हजार वर्षांपूर्वी शेती करणारे लोक हळूहळू पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे सरकत गेले. पुढे लोखंडकामही त्यांच्याबरोबर पसरलं. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत ते खंडाच्या दक्षिण भागात पोचले होते. वाटेत आधीपासून राहणाऱ्या लोकांशी त्यांचा संबंध आला, त्यांच्याशी ते मिसळले, त्यांचे ध्वनीही घेतले. खोसा भाषेच्या नावातला पहिला ध्वनी तसाच आलेला आहे. बैल किंवा घोडा हाकताना आपण जीभ गालाच्या बाजूने ओढून जो आवाज काढतो, जवळपास तो. देवनागरीत त्याला अक्षर नाही, म्हणून 'खोसा' लिहून भागवावं लागतं.

दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या राज्यघटनेत ११ अधिकृत भाषा नोंदवल्या आहेत (२०२३ मध्ये खुणांची भाषा बारावी झाली). त्या अकरांपैकी नऊ बांटू आहेत आणि घटनेत त्यांची नावं सुरुवातीच्या तुकड्यासकट लिहिली आहेत: सेपेडी, सेसोथो, सेत्स्वाना, सिस्वाती, चिवेंडा, शित्सोंगा, इसिंदेबेले, इसिखोसा, इसिझुलू. पहिल्या वाचनात ही नावं निरनिराळ्या घरांतली वाटतात. पण से, सि, चि, शि, इसि हे सगळे एकाच सातव्या वर्गाचे तुकडे आहेत, प्रत्येक भाषेच्या उच्चारानुसार बदललेले. स्वाहिलीतला 'कि' तोच, किस्वाहिली. भाषा, रीत, पद्धत या गोष्टी सहसा सातव्या वर्गात जातात. म्हणून इसिझुलू म्हणजे झुलूंची भाषा, आणि झुलूंची रीतही. माणसं मात्र 'आमाझुलू'. 'इसिझुलू लोक' असं लिहिलं तर अर्थ होतो 'झुलूभाषा लोक'. आपण 'मराठीभाषा लोक' कधी लिहिणार नाही.

देशांच्या नावांतही हेच आहे. युगांडाच्या मध्यभागी बुगांडा नावाचं जुनं राज्य आहे. राजाला काबाका म्हणतात. १९६७ साली ते राज्य कायद्याने संपवण्यात आलं आणि १९९३ मध्ये सांस्कृतिक संस्था म्हणून परत आलं. बुगांडात राहणारा एक माणूस मुगांडा, अनेक बागांडा, भाषा लुगांडा. मग 'युगांडा' कुठून आलं? स्वाहिली बोलणारे व्यापारी आणि वाटाडे बुगांडाला आपल्या भाषेच्या वळणाने 'उगांडा' म्हणायचे. ब्रिटिशांनी तेच ऐकलं आणि १८९४ साली संरक्षित प्रदेश घोषित करताना तेच नाव वापरलं. पुढे त्या नावाखाली आजूबाजूची इतर राज्यं आणि समाजही आले: बासोगा, बान्यांकोले, आणि बांटू नसलेले अचोली, लांगो असे उत्तरेकडचे समाज. त्यामुळे युगांडाचा प्रत्येक नागरिक मुगांडा नाही. नागरिक या अर्थी लुगांडात वेगळा शब्द आहे, मुन्नायुगांडा, अनेक असतील तर बान्नायुगांडा. मराठीत 'युगांडाचे नागरिक' म्हटलं की प्रश्न मिटतो. पण 'बागांडा म्हणजे युगांडाचे लोक' असं लिहिलं तर ते चूक ठरतं, आणि तिथल्या राजकारणात ही चूक किरकोळ नाही.

बोत्स्वानात उलट आहे. एक नागरिक मोत्स्वाना, अनेक बात्स्वाना, आणि हा शब्द देशातल्या सगळ्या नागरिकांसाठीही वापरला जातो, मग ते त्स्वाना असोत की कलांगा. दुसरीकडे त्स्वाना बोलणारे लोक बोत्स्वानापेक्षा दक्षिण आफ्रिकेत जास्त आहेत. म्हणून बात्स्वाना हा शब्द दिसला की तो देशाबद्दल आहे की भाषिक समाजाबद्दल, हे आजूबाजूच्या वाक्यांवरून ठरवावं लागतं. 'मराठी माणूस' आणि 'महाराष्ट्राचा रहिवासी' यांतला फरक आपल्याला ठाऊक असल्यामुळे हे समजायला अवघड जाऊ नये.

ब्रिटिश काळात बोत्स्वानाचं नाव बेचुआनालँड होतं आणि लेसोथोचं बासुटोलँड. पहिल्यात 'बात्स्वाना' आणि दुसऱ्यात 'बासोथो' लपलेलं आहे, ऐकणाऱ्यांनी आपल्या कानाप्रमाणे उतरवलेलं. तिथल्या भाषेत देश या अर्थाची खूण असताना माणसांच्या बहुवचनालाच इंग्रजी 'लँड' जोडलं गेलं. दोन्ही देश १९६६ साली स्वतंत्र झाले आणि दोघांनीही आपल्या भाषेच्या व्याकरणाप्रमाणे बनलेलं नाव घेतलं. स्वाझीलँडचं एस्वातिनी व्हायला मात्र २०१८ उजाडलं.

'बासोथो' या बहुवचनामागे इतिहासही मोठा आहे. १८२० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेच्या त्या भागात लढाया, दुष्काळ आणि पळापळ चालू होती. मोश्वेश्वे नावाच्या सरदाराने १८२४ च्या सुमारास थाबा बोसिऊ या सपाट माथ्याच्या डोंगरावर ठाण मांडलं आणि आसऱ्याला आलेल्या निरनिराळ्या कुळांच्या लोकांना जमिनी आणि गुरं दिली. त्या कुळांची नावं वेगळी होती, चालीरीतीही थोड्याफार वेगळ्या होत्या. त्यांतून बासोथो हा एक समाज उभा राहिला. पुढे बोअर म्हणजे डच वंशाच्या वसाहतवाल्यांशी लढून बरीचशी सुपीक जमीन गमावल्यावर १८६८ साली मोश्वेश्वेने ब्रिटिशांचं संरक्षण स्वीकारलं. दक्षिण आफ्रिकेच्या पोटात लेसोथो आज वेगळा देश म्हणून उभा आहे त्याचं मूळ इथे आहे. तिथल्या माणसांच्या दृष्टीने बासोथो हे अनेकांना एकत्र आणून घडवलेलं 'आपण' आहे.

आता मराठी लेखकाला पडणारा खरा प्रश्न. 'बा' हेच बहुवचन असेल, तर 'एक बांटू भाषा', 'बांटूंचा इतिहास' हे चूक म्हणायचं का? माझं मत आहे, नाही. उधार घेतलेलं बहुवचन एकवचनासारखं वापरण्याची सवय मराठीला जुनी आहे. 'औलाद' हे अरबीत बहुवचन. 'उमराव' हे 'अमीर'च्या बहुवचनातून आलं. 'नवाब' हाही मुळात 'नायब'च्या बहुवचनाचाच शब्द. आपण 'एक नवाब' म्हणतो आणि कुणी टोकत नाही. एवढंच कशाला, स्वाहिली बोलणारेही बांटू या समूहनामाला 'वाबांतू' म्हणतात. आधीच असलेल्या 'बा'च्या पुढे आपला 'वा' लावतात. स्वाहिली हे नावच अरबी 'सवाहिल' म्हणजे 'किनारे' यावरून आलं, आणि तेही बहुवचनच. त्याला 'वा' लावून 'वास्वाहिली', किनाऱ्यांवरचे लोक. खुद्द बांटू भाषाच असं करत असतील तर मराठीने 'बांटू' हे एक न बदलणारं नाव मानलं तर काही बिघडत नाही. बांटू भाषा, बांटू कुळ, बांटू भाषकांचा प्रसार, हे प्रयोग निर्धास्त करावेत.

बिघडतं ते दुसरीकडे. भाषाकुळाचं हे नाव एखाद्या माणसाला चिकटवलं, की व्याकरणापेक्षा मोठा प्रश्न उभा राहतो, विशेषतः दक्षिण आफ्रिकेबद्दल लिहिताना.

तिथल्या वर्णभेदी सरकारने १९५० च्या दशकात 'नेटिव्ह' या शब्दाच्या जागी 'बांटू' हा शब्द सरकारी कागदोपत्री आणला. १९५१ चा बांटू ऑथॉरिटीज कायदा, १९५३ चा बांटू शिक्षण कायदा, नंतर बांटू प्रशासन खातं. काळ्या लोकांना त्यांच्याच देशात परकं ठरवण्यासाठी ज्या तुकड्या-तुकड्यांच्या 'स्वायत्त' भूमी आखल्या गेल्या, त्यांना लोक बांटुस्तान म्हणू लागले. बांटू शिक्षणाचा हेतूच काळ्या मुलांना हलक्या कामांपुरतं शिकवण्याचा होता. १६ जून १९७६ रोजी जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोतली शाळकरी मुलं रस्त्यावर उतरली ती याच शिक्षणपद्धतीत गोऱ्या सत्ताधाऱ्यांची आफ्रिकान्स भाषा लादली गेली म्हणून, आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. सरकारी इंग्रजीत 'अ बांटू' म्हणजे एक माणूस आणि 'बांटूज' म्हणजे अनेक, असं सर्रास लिहिलं जायचं. ज्यांच्या भाषेत अबांतू म्हणजे फक्त 'माणसं', त्यांनी पासबुकावर (म्हणजे काळ्या लोकांना सतत जवळ बाळगाव्या लागणाऱ्या ओळखपुस्तिकेवर), पाट्यांवर, कचेऱ्यांत हाच शब्द अपमानाच्या अर्थाने रोज वाचायचा. १९७८ मध्ये या खात्याचं नाव बदलून 'प्लुरल रिलेशन्स' केलं गेलं, म्हणजे शब्दशः 'बहुविध संबंध' खातं. इंग्रजीत 'प्लुरल' म्हणजे अनेकवचनही, त्यामुळे काळ्या लोकांना 'प्लुरल्स' म्हटलं जाऊ लागलं. फार टीका झाली आणि लवकरच ते नावही बदलावं लागलं.

या सगळ्याच्या विरुद्ध उभ्या राहिलेल्या स्टीव्ह बिकोचं पूर्ण नाव बांटू स्टीफन बिको. आईवडिलांनी ठेवलेल्या त्या नावात बांटूचा अर्थ मूळचाच, माणसं, लोक. सरकारने तो शब्द हत्यारासारखा वापरला आणि तोच शब्द ज्याचं नाव होता तो बिको १२ सप्टेंबर १९७७ रोजी पोलीस कोठडीत मारला गेला. वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी. हे माहीत झाल्यावर 'दक्षिण आफ्रिकेतले बांटू' असं सहज लिहिता येत नाही, आणि लिहूही नये. काळे दक्षिण आफ्रिकन, झुलू, खोसा, त्स्वाना, जे असेल ते लिहावं. भाषांबद्दल लिहायचं असेल तर 'बांटू भाषा' चालतं. तिथले काही अभ्यासक तेवढ्यासाठीही 'सिंतू' हा पर्याय वापरतात: तोच 'न्तू', आधी सातव्या वर्गाचा तुकडा.

केनिया, टांझानिया, युगांडात या शब्दाला असा डंख नाही. तिथल्या शाळेच्या पुस्तकांतही समाजांचे भाषांवरून बांटू, नाइलोटिक, कुशिटिक असे गट शिकवले जातात. सोमालियात तर 'सोमाली बांटू' हे एका विशिष्ट समाजाचं नाव म्हणून रुळलं आहे. एकोणिसाव्या शतकात आजच्या टांझानिया, मोझांबिक, मलावी भागातून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे ते मुख्यतः वंशज. तेव्हा शब्द तोच असला तरी तो कुठल्या देशाबद्दल वापरतोय ते आधी बघायला हवं.

रवांडाची गोष्ट आणखी वेगळी. १९९४ च्या नरसंहाराच्या बातम्यांतून हुतू आणि तुत्सी ही नावं आपल्याकडे आली, सुरुवातीचा तुकडा गाळून. तिथल्या भाषेत अबाहुतू, अबातुत्सी, आणि तिसरा छोटा समाज अबात्वा. तिघांची भाषा एकच, किन्यारवांडा. १९३० च्या दशकात बेल्जियन राजवटीने ओळखपत्रांवर हा भेद छापला आणि नरसंहारात ती ओळखपत्रं मरणाचं कारण ठरली. नंतर तो रकाना काढून टाकला गेला. २०१३ मध्ये सुरू झालेल्या सरकारी मोहिमेचं नाव आहे 'न्दी उमुन्यारवांडा', मी रवांडाचा माणूस. अनेकवचनी गटांऐवजी एकवचनी 'मी', आणि गाभ्याच्या जागी देशाचं नाव.

आता प्रत्यक्ष वाक्यं. मराठीत दोन वाटा आहेत आणि दोन्ही चालतात, फक्त एका लेखात एकच धरावी.

पहिली वाट म्हणजे गाभाच नाव म्हणून घ्यायचा आणि बाकी काम मराठीवर सोपवायचं. झुलू लोक, सोथो बाई, गांडा राजा, त्स्वाना भाषा. 'झुलूंनी १८७९ मध्ये इसांडलवानाला ब्रिटिश फौज हरवली' हे वाक्य अगदी सरळ आहे. बातमीसाठी, शालेय मजकुरासाठी ही वाट मला चांगली वाटते, कारण वाचकाला एकच रूप लक्षात ठेवावं लागतं. दुसरी वाट म्हणजे तिथली पूर्ण रूपं घ्यायची, पण मग नियम पाळायचा. 'थंडीत मोसोथो माणूस लोकरीचं ब्लँकेट खांद्यावर पिनेने अडकवतो', पण 'बासोथो लोक ही ब्लँकेटं लग्नातही वापरतात'. 'ती मुगांडा आहे', 'तिचे शेजारी बागांडा आहेत', 'सगळे लुगांडात बोलतात'. दीर्घ लेखात, प्रवासवर्णनात, भाषांतरात ही वाट जास्त प्रामाणिक आहे. लेसोथो, बोत्स्वाना अशा ठिकाणी लोक स्वतःला इंग्रजीतही असंच म्हणवतात, तिथे तर मी हीच निवडेन.

मराठी प्रत्ययांची अडचण आकारान्त नावांत येते. मराठा-मराठे, पेशवा-पेशवे या वळणाने 'बागांडे' किंवा 'बात्स्वाने' करायचा मोह होईल. ते करू नये, कारण बहुवचन आधीच झालेलं आहे. प्रत्यय लावायचाच तर 'बागांडांचा राजा', 'बात्स्वानांनी मतदान केलं' असा अनुस्वार द्यावा. कानाला जड वाटलं तर 'लोक' मदतीला घ्यावा: 'बागांडा लोकांचा राजा'. लिपीचीही एक अडचण आहे. रोमन लिपीत आमाझुलूमधला 'झ' मोठ्या अक्षराने लिहितात, त्यामुळे तुकडा कुठे संपतो आणि गाभा कुठे सुरू होतो ते दिसतं. देवनागरीत ती सोय नाही. पहिल्यांदा शब्द येईल तेव्हा 'आमा-झुलू' असा जोड दाखवून पुढे नेहमीसारखं लिहिलं, तर वाचकाला पुरेसं होतं.

एका बाबतीत मात्र मराठी वाचकाला काहीच समजावून सांगावं लागत नाही. झिम्बाब्वेच्या शोना भाषेत वडीलधाऱ्या किंवा मानाच्या माणसाच्या नावाला 'वा' लावतात, वामुगाबे. माणूस एकच, पण 'वा' अनेक माणसांचा आणि क्रियापदही त्याप्रमाणे अनेकवचनी. 'बाबा आले', 'सर बोलले' म्हणणाऱ्या आपल्याला हे आतूनच कळतं. त्यामुळे शोनातून भाषांतर करताना 'वा' दिसला की तो खरंच अनेकांचा आहे की आदराचा, हे तपासावं. आदराचा असेल तर मराठीत त्यासाठी तयार जागा आहे.

आपणही या व्याकरणात आहोत. स्वाहिलीत भारतीय माणूस 'म्हिंदी', अनेक भारतीय 'वाहिंदी', आणि हिंदी भाषा 'किहिंदी'. नैरोबी, कंपाला, दार-एस-सलाम इथे गोव्याहून गेलेल्या लोकांची जुनी वस्ती होती. त्यांच्यासाठीही वेगळा शब्द झाला, 'म्गोआ' आणि 'वागोआ'. झुलूत भारतीय म्हणजे 'आमान्दिया'.

उलट बाजूची चूकही टाळायला हवी. 'बा' दिसला की तो काढायचा, असं नाही. मालीतले बांबारा बांटू नाहीत आणि त्यांच्या नावातला 'बां' सुटा होत नाही. केनियातले मासाईही बांटू नाहीत. आणि आफ्रिकेतून महाराष्ट्रात आलेला प्रत्येक जण बांटूभाषक होता, असंही नाही. मलिक अंबर इथिओपियातून आला. 'हबशी' हा शब्दच त्या प्रदेशाच्या जुन्या नावावरून आलेला आहे आणि तिथल्या अम्हारिक, ओरोमो या प्रमुख भाषा वेगळ्या कुळातल्या आहेत. गुजरात आणि कर्नाटकातल्या सिद्दी समाजाचं मात्र बांटू भाषक आफ्रिकेशी नातं आहे. जनुकीय अभ्यासांत ते दिसलं आहे. गुजरातेतले सिद्दी ढोलावर जो नाच करतात त्याला 'गोमा' म्हणतात आणि त्या शब्दात स्वाहिलीतला 'न्गोमा', म्हणजे ढोल, आणि ढोलावरचा नाचही, अजून ऐकू येतो. त्यांच्याबद्दल लिहिताना 'भारतातले बांटू' असं नवं नाव देण्याची गरज नाही. एक सिद्दी, दहा सिद्दी, सिद्दींचा गोमा, असं मराठीत सरळ लिहिता येतं, आणि ते स्वतःला म्हणतातही तेच.